मास्तरांचा कणा आणि वांग्यांची गाडी

नालवाडीच्या वासुदेवराव मास्तरांना स्वतःच्या दोन गोष्टींचा फार अभिमान होता. पहिली म्हणजे त्यांचा कणा. दुसरी कोणती असं विचारलं, तर ते पुन्हा पहिलीच सांगत!

"ही पाठ पाहा!" रस्त्यात भेटेल त्याला ते ऐकवत. "मरेपर्यंत वाकायची नाही! लावा पैज!"

मास्तर वर्ध्यातल्या एका हायस्कुलात कवायत शिकवत. चालताना आधी त्यांची छाती यायची, मग मिशी यायची आणि त्यानंतर जरा वेळाने खुद्द मास्तर यायचे. पोट आत, हनुवटी वर आणि कमरेत अशी खोल कमान, की पोपटाने बघितली असती तर तिथेच संसार थाटला असता. पोरं त्यांना मागून 'खंबा मास्तर' म्हणत. हे मास्तरांच्या कानावर आलं तेव्हा त्यांना राग आला नाही. उलट दिवसभर ते आणखीच ताठ चालले.

साहजिकच बाकीचं जग त्यांना वाकडं दिसायचं. बँकेतल्या कॅशिअरला ते म्हणत, "काय हो, हनुवटी पासबुकात सांडली वाटतं!" दारावर भाजीची हातगाडी घेऊन येणाऱ्या लहानूलाही सोडत नसत. "लहानू, गाडी ढकलतोस की गाडीच्या पाया पडतोस?"

लहानू बिचारा हसायचा. दिवसभर गाडी ढकलणाऱ्या माणसाने दुसरं काय करावं!

दिल्लीत एशियाड झालं त्या सालची ही गोष्ट. ओळखीच्या एका शेठजींकडे मास्तरांनी ते टीव्हीवर पाहिलं आणि त्यांच्या अंगात संचारच झाला. येत्या सव्वीस जानेवारीला आपल्या शाळेची परेड एशियाडच्या तोडीची झाली पाहिजे! त्यांनी सगळी शाळा मैदानात उभी केली, स्वतः चौथऱ्यावर चढले आणि गरजले, "माझ्याकडे पाहा! जसा मी, तसे तुम्ही! एका बोटाचाही फरक नको!"

नेमका त्याच वेळी शेजारच्या जिनिंगच्या कारखान्यातून कापसाचा एक पुंजका उडत आला आणि मास्तरांच्या वर केलेल्या नाकात शिरला.

"आऽऽक्छी!"

शिंकेबरोबर कमरेतून आवाज आला, "कट्!" मास्तर जिथल्या तिथे गोठले. एक कुल्ला बाहेर, एक खांदा खाली, एक हात कमरेवर, दुसरा हवेत. ओरडायलाही येईना.

सगळ्या शाळेने मास्तरांकडे पाहिलं आणि सगळ्या शाळेने एक कुल्ला बाहेर काढला, एक खांदा खाली टाकला, एक हात कमरेवर ठेवला आणि दुसरा हवेत नेला! एका बोटाचाही फरक नाही!

हेडमास्तर धावत आले. त्यांनी मैदानावर एक नजर फिरवली आणि हळूच विचारलं, "मास्तर, हे सव्वीस जानेवारीचं बसवताय की गॅदरिंगचं?"

मास्तरांना चौघांनी उचलून घरी आणलं. शकुबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, दारातच कपाळाला हात लावला. "वाकत नाई म्हनत होते नं? आता तं हालूनबी नाई राह्यले!"

शेवटी मुलगी कांता त्यांना गावाबाहेरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे पाठीकमरेच्या व्यायामाचा आणि शेकाचा वेगळा विभाग होता. त्याच्या प्रमुख इंदिराबाई. नागपूरला शिकलेल्या, बोलायला चटपटीत आणि पेशंटच्या वयाची, हुद्द्याची भीड न ठेवणाऱ्या. लोक त्यांना 'शेकवाल्या बाई' म्हणत.

त्यांनी मास्तरांना उभं करून पुढून, मागून, बाजूने पाहिलं. मग विचारलं, "असं उभं राहायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी शिकवलं?" मास्तर कण्हता कण्हता तडकले. "बाई, हे मी शिकवतो! अर्ध्या वर्ध्याला मी असं उभं केलंय!"

इंदिराबाईंनी बाहेरच्या बाकाकडे नजर टाकली. कमरेवर हात ठेवून बसलेल्या पेशंटांनी तो गच्च भरला होता.

"अच्छा!" त्या म्हणाल्या. "म्हणजे ते तुम्हीच का!"

मग त्यांनी मास्तरांना अशा गोष्टी सांगितल्या, की पाठीपेक्षा त्याच जास्त दुखल्या. पाठ सरळ ठेवायची म्हणजे बांबू करायची नाही. छाती फुगवून कमर आत ढकलली की सगळा भार खालच्या मणक्यांवर येतो. छाती सोडा, हनुवटी खाली घ्या, पोटाच्या स्नायूंना काम करू द्या. खालचं काही उचलायचं असलं तर कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून खाली बसायचं. रोज व्यायाम. ठरलेल्या दिवशी शेक. आणि पट्टा!

पट्टा म्हणजे साधासुधा पट्टा नव्हता. जाड कापडाचा, आतून पोलादी पट्ट्यांचा, पुढे पितळी बकलांचा. तो आवळला की मास्तर रेल्वेत टाकायच्या होल्डॉलसारखे दिसू लागत.

"हे बाहेर कोणाला कळलं तर याद राखा!" त्यांनी घरात तंबी दिली. कवायतीच्या मास्तरची पाठ गेली, ही गोष्ट त्यांना पोहणाऱ्याने बादलीत बुडण्यासारखी वाटत होती. दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटलं की ते म्हणत, "पेशंटला भेटायला आलो होतो." शेकाच्या टेबलावर पालथे पडूनही एकाला त्यांनी हेच सांगितलं.

घरी व्यायाम करून घ्यायचं काम कांताकडे आलं. ती बी.ए. झाली होती आणि इंदिराबाईंनी एकदा दाखवलेला व्यायाम तिला जसाच्या तसा यायचा. "बाबा, हाता-गुडघ्यावर व्हा. आता मांजरीसारखी पाठ वर. आता खाली. श्वास नका कोंडू!"

शकुबाई स्वयंपाकघरातून म्हणत, "जरा आतल्या खोलीत करा नं! शेजारची तानाबाई पुसून राह्यली, मास्तरचं का हारपलं म्हून. रोज सकाऊन ओणवे होऊन धुंडते म्हने!"

हे सगळं एकवेळ चाललं असतं. पण संक्रांत झाली आणि कांताला पाहायला वडनेरहून पाहुणे यायचं ठरलं!

मुलगा गुलाब हिंगणघाटला पाटबंधारे खात्यात कारकून. त्याचे वडील अण्णाजी वडनेरातले जमीनजुमला असलेले मोठे कास्तकार, मिशांना पीळ, डोक्याला फेटा, आणि तरुणपणी कुस्त्या मारलेल्या. बरोबर अण्णाजींची बहीण रुख्माबाई, भावाच्याच घरी राहणारी. तिने हो म्हटल्याशिवाय त्या घरात मांजरसुद्धा बाळंत होत नसे!

मास्तरांनी पट्टा चाचपला. "पट्टा दिसला तर सोयरीक मोडली समज! बापाचा कणा मोडका, तर पोरीचा कसा असेल म्हणतील!"

"तं सांगून टाका नं सरळ सरळ," शकुबाई म्हणाल्या.

"सरळ?" मास्तर कळवळले. "मी दुसरं का करून राह्यलो मग!"

मास्तरांची शुद्ध भाषा सुटून घरची बोली अशी संकटातच बाहेर पडायची. पट्टा झाकायला त्यांनी स्वतःच्या लग्नातला काळा कोट काढला. तो पट्ट्यावरून बसेना. शकुबाई आणि कांता दोघींनी दोन बाजूंनी ओढून बटणं लावली, तेव्हा मास्तरांना कळलं की आता श्वास एक तर आत घेता येईल, नाही तर बाहेर सोडता येईल, दोन्ही नाही.

पाहुणे दारात आले. पाय धुवायला पाणी द्यायचं आणि मुलीच्या बापाने वाकून रामराम घालायचा, अशी रीत. मास्तरांना इंदिराबाई आठवल्या. कमरेतून नाही, गुडघ्यातून! त्यांनी दोन्ही पाय फाकवले, पाठ ताठ ठेवली, नजर अण्णाजींच्या डोळ्यांत रोखली, दोन्ही हात पुढे केले आणि हळूहळू खाली बसू लागले.

अण्णाजी एक पाऊल मागे सरले. जुनी सवय, त्यांचा हात आपोआप बाही वर सारायला गेला. "मास्तर, पहिले चहा तं पाजा! कुस्ती मंग खेलू!"

"हें हें," मास्तर खालूनच हसले. खाली बसणं जमलं होतं, उठणं जमेना. आधाराला जे हाती आलं ते त्यांनी धरलं आणि ते नेमकं अण्णाजींचं धोतर निघालं. म्हणजे धोतर होतं. निघालं नाही, पण थोडक्यात वाचलं!

बैठकीत सगळे बसले. गुलाब आल्यापासून मान खाली घालून होता. फायलींवर ओणवं राहून त्याचे खांदे पुढे आले होते, पाठीला पोक आलं होतं. ते पाहून मास्तरांच्या तोंडात "खांदे मागे!" हे शब्द आले होते, ते त्यांनी सुपारीबरोबर गिळले.

तेवढ्यात अण्णाजींच्या हातून अडकित्ता सुटला आणि मास्तरांच्या पायापाशी येऊन पडला. दुसरा कोणी मुलीचा बाप असता तर त्याने अडकित्ता जमिनीला लागायच्या आधी झेलला असता. मास्तर मात्र त्याच्याकडे साप निघाल्यासारखे बघत बसले.

"अहो, ऐकलं का?" त्यांनी आत हाक मारली. "पाव्हण्यांचा अडकित्ता पडला!"

शकुबाई पोह्याच्या बशा घेऊन येत होत्या. त्यांनी बशा ठेवल्या, अडकित्ता उचलून दिला आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की पोह्यांवरचं लिंबूही आंबट वाटू नये.

"ताठा लय हाये म्हना पोरीच्या बापाले," रुख्माबाई भिंतीकडे पाहून बोलली.

अण्णाजींनी मिशीवरून हात फिरवला. "हे पाहा मास्तर. आमाले काई देनंघेनं नको. फक्त मान पायजे. एकडाव सगळ्यायसमोर वाकून रामराम घाला. झालं! सोयरीक पक्की समजा."

आतल्या दारातून कांता मानेने नको नको म्हणत होती. बाहेरच्या दारातून शकुबाई डोळ्यांनी घाला घाला म्हणत होत्या. मास्तरांपुढे एकीकडे कणा होता आणि दुसरीकडे मुलीचं लग्न. ते उठले, डोळे मिटले आणि वाकले.

"टण्ण!"

पट्ट्याचं पितळी बक्कल तुटलं, कोटाच्या बटणांना बरोबर घेऊन उडालं आणि रुख्माबाईच्या पोह्यांत जाऊन बसलं. पाठोपाठ पट्टा कोटाखालून घसरला आणि मास्तरांच्या मागे शेपटीसारखा लोंबू लागला.

"बाप्पा! हे का हाये व माय?" रुख्माबाई किंचाळली.

अण्णाजींना जनावरांचं ज्ञान होतं. ते म्हणाले, "घोड्याच्या पोटाचा तंग दिसते!"

मग सगळं सांगणं भाग पडलं. "उसण भरली होती," मास्तर पुटपुटले. "थोडीशी."

"कवापासून?"

"एशियाडपासून!"

रुख्माबाईने पोह्यांतलं बक्कल उचलून पंचांसमोर पुरावा ठेवावा तसं समोर धरलं. "पाठीचं दुखनं रगतातून येते, दादा! बापाची कंबर अशी, तं पोरीची कशी असन? आपल्या घरी सडा टाकाले वाकाव लागते, शेन उचलाले वाकाव लागते, चुलीपाशी वाकाव लागते, वावरात कापूस वेचाले वाकाव लागते! सकाऊन वाकलेली बाई रात्री आंग टाकते तवाच सरळ होते! मी तं म्हनतो, पोरीले वाकवून पाहा. तो पान्यानं भरलेला गुंड उचलून दाखव म्हना!"

कोपऱ्यात पाण्याचा मोठा पितळी गुंड भरून ठेवला होता. मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांना आपल्या पाठीची लाज त्या शिंकेपासूनच वाटत होती, पण आता प्रथमच आपल्या पाठीचा राग आला.

कांता बाहेर आली. पदर खोचला. "उचलते. त्यात का! पन परीक्षा माहीच काऊन? नोकरदार मानूस दिवसभर टेबलावर ओणवा बसते. याइची पाठ पाह्यली का कोनी?"

अण्णाजींच्या मिशीला हा अपमान झोंबला. "अबे गुलाब! ऊठ! दाखव याइले वडनेरचं पानी! उचल तो गुंड!"

गुलाब उठला. पँट वर सारली, पाय जोडले, गुडघे ताठ केले आणि थेट कमरेतून वाकला. इंदिराबाईंनी करू नका म्हणून जे जे सांगितलं होतं, ते ते सगळं एका दमात!

"गुडघ्यातून!" मास्तर ओरडले. "अहो, गुडघ्यातून!"

"शिकवू नका मास्तर!" अण्णाजी गरजले.

गुलाबने हिसका दिला. "कट्!"

तो आवाज मास्तरांनी ताबडतोब ओळखला. गुंड आडवा झाला, पाणी वाहत जाऊन दारातल्या अण्णाजींच्या जोड्यांत भरलं आणि गुलाब तसाच राहिला, काटकोनात!

"बाबा," तो जमिनीला सांगू लागला, "मले सरळ होता नाई येऊन राह्यलं!"

"हटा!" रुख्माबाई पुढे झाली. "मी पायाळू हाये! एका लाथेत उसन काढतो!" आणि कोणी काही म्हणायच्या आत तिने लुगडं आवरून पुतण्याच्या कमरेवर लाथ घातली!

उसण निघाली नाही. गुलाब मात्र निघाला. तो वाकलेलाच पुढे गेला आणि त्याचं डोकं मास्तरांच्या पोटात बसलं. मास्तरांच्या अंगावर पट्टा नव्हता. पुन्हा "कट्!" आणि मास्तर उताणे!

"तुमालेबी मारू का एक?" रुख्माबाईने आपुलकीने विचारलं.

"नको!" मास्तरांनी त्या दिवशी पूर्ण ताकदीने केलेली ही एकच गोष्ट.

बाहेर आवाज आला, "वांगेऽऽ! टमाटेऽऽ! पालऽऽक!"

कांता दाराकडे धावली. "लहानूभाऊ! गाडी इकडं घ्या! लवकर!"

सायकलरिक्षात दोघंही मावणारे नव्हते. एकाला बसता येत नव्हतं आणि एकाला उठता येत नव्हतं. मास्तरांना उचलून हातगाडीवर वांग्यांच्या शेजारी आडवं केलं. उशाला पालकाची जुडी दिली. गुलाबला गाडीच्या मागच्या दांडीला धरून उभं केलं, म्हणजे जेवढं उभं करता येत होतं तेवढं. त्याला पुढचं काही दिसत नव्हतं, म्हणून लहानू पुढून ओढू लागला. बाजूला कांता. मागे अण्णाजी, जोड्यांतून पचक पचक आवाज करत. त्यांच्या मागे शकुबाई आणि हातात बक्कल घेऊन रुख्माबाई.

पहिल्याच वळणावर तानाबाईने पिशवी घेऊन वाट अडवली. दांडीमागे वाकलेल्या माणसाला तिने विचारलं, "काऊन भाऊ, वांगे कशे देल्ले?"

"मी पाटबंधाऱ्यात हावो!" गुलाब कळवळला.

"मी वांग्याचा भाव पुसला, पान्याचा नाई!" असं म्हणत तिने एक वांगं उचललं, तर मागे मास्तरांचा चेहरा. "अगो माय! मास्तर! का झालं हो?"

"बाबांची पाठ धरली, दवाखान्यात नेऊन राह्यलो," कांता म्हणाली.

"न् हा ढकलते कोन?"

अण्णाजींनी घसा खाकरला. उत्तर देणं भाग होतं. "माहा पोरगा. पोरगी पाहाले आलतो आमी."

तानाबाईने पिशवी खाली टाकून दोन्ही हातांची बोटं कानशिलावर मोडली. "बाप्पा! लग्नाच्या आंधीच सासऱ्याची सेवा! न् कसा वाकून वाकून ढकलून राह्यला पाहा! जवाई असावा तं असा!"

ती बातमी गाडीच्या पुढे धावली. चौकात येईपर्यंत दुकानांतली माणसं बाहेर आली होती. पानठेल्यावरच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली. बायका आपापल्या जावयांची नावं घेऊन उसासे टाकू लागल्या. "कोन्या गावचे हो तुमी?" एकाने अण्णाजींना विचारलं. "असं वळन आजकाल कोठी पाहाले भेटते!"

अण्णाजी आधी रागाने लाल होते. मग त्यांची मान जरा वर आली. मग मिशी वर आली. पुढच्या कोपऱ्यावर ते कोणी न विचारताच सांगू लागले, "वडनेर! वडनेरचे आमी! अन्नाजी म्हनते मले! पोरगा हाये माहा!"

"लहानू, गाडी बजारातून घे," ते हळूच म्हणाले.

"दवाखाना इकडून जवळ पडते नं, मालक!"

"घे म्हनतो नं बजारातून!"

"बाबा, मी मेलो," दांडीमागून आवाज आला.

"वाकून राय बे! लोक पाहून राह्यले!"

गाडीवर उताणे पडलेल्या मास्तरांना फक्त आभाळ दिसत होतं आणि मध्ये मध्ये वरून वाकून बघणारी वर्ध्याची तोंडं. त्यांत बँकेचा कॅशिअरही होता. मास्तरांनी पालकाची जुडी तोंडावर ओढली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात इंदिराबाईंनी ही वरात पाहिली आणि चष्मा पुसला. "यांतला पेशंट कोण?"

"दोघंबी," कांता म्हणाली.

"वाकायला कुणी सांगितलं यांना?"

मास्तरांनी पडल्या पडल्या अण्णाजींकडे बोट केलं. गुलाबनेही तिकडेच बोट केलं. त्याला टेबलावर कुशीवर निजवताना इंदिराबाईंना त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पावलाचा स्पष्ट ठसा दिसला. "आणि हे?" त्यांनी विचारलं. रुख्माबाईने पाऊल लुगड्याखाली ओढून घेतलं.

शेकाची यंत्रं दोघांवर लागली. शेजारी शेजारी दोन टेबलांवर सासरा आणि होणारा जावई. होणारा की न होणारा, ते अजून ठरायचं होतं.

"पुढचे काही महिने वाकायचं नाही," इंदिराबाईंनी गुलाबला बजावलं. "ओझं नाही, नमस्कार नाही. पट्टा बांधायचा. लग्नबिग्न असेल तर तेही पट्टा बांधूनच!"

"लग्न तं होईनच!" अण्णाजी उसळले. "पुऱ्या बजाराले सांगून आलो मी!"

मास्तरांनी मान वळवली. "आणि माझा पट्टा?"

"आता दोन्हीकडं पट्टा हाये, इवाई," अण्णाजी त्यांना व्याही करून मोकळे झाले. "कोन कोनाले हासन?"

"पोरीचं वाकनं पाहाचं राह्यलं," रुख्माबाई म्हणाली, पण ते कोणी मनावर घेतलं नाही.

गुलाब उशीत तोंड खुपसून बोलला, "मले पोरगी पसंत हाये."

"मले नाई मालूम," कांता म्हणाली. सगळे दचकले. "आल्यापासून यांची मान खाली होती, मंग कंबर खाली गेली. मी तोंड कुठं पाह्यलं? पहिले उठून बसा म्हना."

शेक झाला. इंदिराबाईंनी आधार देऊन गुलाबला हळूहळू बसवलं, खांदे मागे घ्यायला लावले, हनुवटी धरून जागेवर आणली. कांताने त्याला नीट न्याहाळलं. तो घामेजला होता, लाजला होता आणि आयुष्यात प्रथमच सरळ बसला होता.

"बरं हाये," ती म्हणाली. पुढे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं.

वैशाखात लग्न लागलं. नवरदेवाच्या शेरवानीखाली पट्टा, मास्तरांच्या कोटाखाली पट्टा. मंडपात दोघं भेटले तेव्हा दोन ट्रंका एकमेकींना लागाव्यात तसा आवाज आला. सगळं सुरळीत पार पडलं आणि मग थोरामोठ्यांच्या पाया पडायची वेळ आली. नवरदेवाला मनाई. राहिली नवरी. वडनेरची सगळी वडीलधारी मंडळी पाय पुढे करून ओळीने बसली होती. पहिली रुख्माबाई!

कांता तिच्यापुढे उभी राहिली, हात जोडले आणि गोड आवाजात म्हणाली, "आत्याबाई, मलेबी इंदिराबाईंनी वाकाले मना केलं."

मास्तर चमकले. इंदिराबाईंनी कांताच्या पाठीकडे कधी पाहिलंसुद्धा नव्हतं! त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात शकुबाईंनी मागून, पट्टा संपतो बरोबर त्या जागी, असा चिमटा काढला की तोंड आपोआप मिटलं. नाही म्हणायला, मास्तरांना बरंही वाटलं.

रुख्माबाईने अण्णाजींकडे पाहिलं. अण्णाजींनी पट्ट्यातल्या पोराकडे पाहिलं. गुंड आणा म्हणायची हिंमत आता कोणात उरली होती! "डॉक्टरीनबाईनंच सांगतलं असन तं..." असं म्हणत रुख्माबाईने पाय आखडते घेतले.

ही गोष्ट वडनेरच्या बायकांत विहिरीवर पोचायला वेळ लागला नाही. पावसाळा लागता लागता पाटलांच्या धाकट्या सुनेची पाठ धरली. मग शेजारच्या वाड्यातली. मग समोरची. सगळ्यांना म्हणे वाकायची मनाई होती! कोणाची पाठ खरी दुखत होती आणि कोणाची नाही, हे तपासायला कोणी धजेना. काही पाठी तर लग्न झाल्यापासून दुखत होत्या. आजवर कोणी विचारलंच नव्हतं. पण सडा कोणीतरी टाकायचाच होता, शेण कोणीतरी उचलायचंच होतं आणि दिवाळीत कापूस फुटला तेव्हा तो कोणीतरी वेचायचाच होता.

दिवाळीनंतर मास्तर नेहमीप्रमाणे शेक घ्यायला दवाखान्यात गेले, तर बाकावर बसायला जागा नाही. व्हरांड्यातही नाही. सकाळच्या एसटीने आलेल्या नऊवारीतल्या म्हाताऱ्या कमरेवर हात ठेवून ओळीने बसल्या होत्या आणि कण्हत होत्या. सगळ्या वडनेरच्या! सगळ्या सासवा!

मास्तर जरा पुढे सरकायला गेले, तशी सगळ्यांत पुढे बसलेली रुख्माबाई वळली. म्हणजे मान वळली. कंबर वळली नाही.

"इवाई," ती म्हणाली, "मांगं जा. तुमच्या पोरीपायी आलो आमी सगळ्या. पहिला नंबर आमचा!"